पाणी पाळीचं असतं

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना 'पर्यावरणप्रेमी' असा शब्द वापरला गेला. तो ऐकून मागच्या रांगेतल्या दोघीजणी हसल्या, ते मी बघितलं. त्यांचं बरोबर आहे. मी तशी कुणी नाही. तीस वर्षं लातूरला गणित शिकवते आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन. झाडं लावली ती निम्मी वाळली. तेव्हा आज मी झाडांवर बोलणार नाही. मी बोलणार आहे काटकसरीवर, म्हणजे ज्या गोष्टीची मला याच शाळेत सर्वांत जास्त लाज वाटायची तिच्यावर.

आठवीत माझं दप्तर कशाचं होतं, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. वडिलांच्या जुन्या खाकी विजारीचं. आईनं ते हातानं शिवलं होतं आणि विजारीचा खिसा तसाच ठेवला होता, पेन्सिल ठेवायला. तुम्ही त्याला 'हाफ पँट' म्हणायचात. "अगं, तुझी हाफ पँट विसरलीस वर्गात," असं ओरडत एकजण थेट वजिराबादच्या चौकापर्यंत माझ्या मागे आला होता. तो आज इथं बसलाय, दोन कापड दुकानांचा मालक आहे. नाव घेत नाही, पण जेवताना त्याच्याकडून मी एक जिलबी जास्त वसूल करणार आहे.

वडील उस्मानशाही मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की आमच्या घरचं घड्याळ लागायचं. मिलमधला पगार येत होता, उपाशी कुणी नव्हतं. तरीही आई अशी जगायची की जणू उद्या सगळं संपणार आहे. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला नाहीतर तुळशीला. भांडी राखेनं घासायची, म्हणजे विसळायला पाणी कमी लागतं. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरं, आणि पोतेरं संपलं की चुलीत. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकून सकाळी आम्हाला. पुस्तकं तर तुमची-माझी सगळ्यांचीच वरच्या वर्गातल्या कुणाचीतरी असायची, अर्ध्या किमतीला घेतलेली. माझं नववीचं भूगोलाचं पुस्तक माझ्याआधी तिघांनी वापरलं होतं. चौघांची नावं पहिल्या पानावर एकाखाली एक. मराठवाडा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो, या वाक्याखाली चार वेगवेगळ्या शाईच्या रेघा होत्या. सर, तुम्ही ते वाक्य दरवर्षी महत्त्वाचं म्हणून सांगत होतात, याचा तो पुरावा.

आई अशी का वागते, हे मला उशिरा कळलं. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. तेव्हा आम्ही कंधार तालुक्यात गावी होतो, वडिलांना मिलची नोकरी लागायची होती. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मला कडेला चिंचेखाली बसवून. सुकडीची चव मला अजून आठवते. लाल मिलोच्या भाकरीची आठवण आई काढायची. ती म्हणायची, "तव्हा धान्य नव्हतं, पण हिरीत पाणी होतं. पाणी असलं की माणूस तग धरतंय." तिच्या काटकसरीत धान्याची भीती होती. पाण्याची नव्हती. पण पाण्याला ती सगळ्यांत जास्त जपायची. त्या कामावर एक टँकर यायचा आणि बायांची रांग लागायची. आपली घागर भरली की मागचीला जागा द्यायची. कुणी दुसरी घागर पुढं केली की मुकादम नाही, बायाच ओरडायच्या. तिथून ती एक वाक्य घेऊन आली होती. नळाला घागर लावताना, कुणी नळ सोडून ठेवला तर, ती म्हणायची, "पाणी मालकीचं नसतं गं, पाळीचं असतं."

१९९२ ला लग्न होऊन मी लातूरला गेले. तेव्हा मनाशी एक ठरवलं होतं, आईसारखं जगायचं नाही. दोघांचे पगार होते. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली, बाथरूममध्ये फवारा लावला, पुढं वॉशिंग मशीन आलं. आई माहेरहून आली की पहिल्या दिवशी घरभर फिरून नळ घट्ट करायची. मला राग यायचा. एकदा मी तिला म्हणाले, "आई, आता आपण गरीब नाही." ती म्हणाली, "मी कुठं म्हणलं गरीब हाव म्हणून?" हे बोलणं तिथंच संपलं. त्याचा अर्थ कळायला मला चोवीस वर्षं लागली.

लातूरचं पाणी येतं मांजरेवरच्या धनेगावच्या धरणातून. २०१२ पासून पाऊस रुसत गेला. धरण खाली जाताना दिसत होतं, पण आपल्या नळाला पाणी आहे तोवर धरण ही बातमी असते. मग नळ आठवड्यानं येऊ लागला. मग दहा दिवसांनी. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही निर्णय घेतला आणि अंगणात बोअर पाडला. सहाशे फूट. रात्रभर गाडीचा आवाज, गल्लीभर पांढरा धुरळा. पहाटे पाणी लागलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. शेजारच्या काकूंना मीच नेऊन दिला पेढा.

काकू एकट्या राहतात. त्यांचा जुना बोअर अडीचशे फुटांचा होता, वीस वर्षं चाललेला. आमचा लागला आणि काही दिवसांत त्यांच्या मोटारीनं नुसती हवा ओढायला सुरुवात केली. काकू घागर घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. मी भरून द्यायची. एवढंच नाही, मला त्याचं समाधान वाटायचं! शेजारधर्म पाळतोय, असं वाटायचं. मी गणिताची बाई, पण हे साधं गणित मला मांडता आलं नाही.

आपल्या भागाखाली काळा पाषाण आहे, हे याच शाळेत शिकलो. या दगडात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरून राहत नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये ते राहतं. खोल बोअर अनेक भेगा एकमेकींना जोडतो आणि वरचं पाणी खाली ओढून घेऊ शकतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पलीकडच्या विहिरीला खोल विहीर म्हटलेलं आहे. आमचा त्याच्या तिप्पट. काकूंचा बोअर आमच्यामुळेच गेला, हे कोर्टात कुणाला सिद्ध करता येणार नाही. पण मी ते तुमच्यासमोर मान्य करते. त्यांचं पाणी काढून घेतलं आणि त्यांनाच घागरीनं परत दिलं, वर आभार घेतले.

२०१६ च्या फेब्रुवारीत आमचाही बोअर गेला. सहाशे फुटांवर कोरडा.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं. पाण्यासाठी जमू नका, असा हुकूम ऐकायची वेळ आली. गंजगोलाईत दुकानांपुढे घागरी, ड्रम, प्लास्टिकच्या टाक्या विकायला होत्या आणि त्यात भरायला काही नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. कधीकाळी मिरज ते लातूर बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची, जवळपास त्याच वाटेनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून हे पाणी आलं. दहा डबे, पाच लाख लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या, सगळं मिळून सुमारे पंचवीस कोटी लिटर. मिरज-सांगलीकरांचे उपकार लातूर विसरणार नाही.

काकू आणि मी टँकरच्या रांगेत शेजारी उभ्या होतो. त्या दिवशी काकू सहज म्हणाल्या, "तुमचा बोअर लागला ना, त्याच पंधरवड्यात आमचा गेला होता." आवाजात राग नव्हता. माझ्याकडे न बघता, समोरच्या घागरीकडे बघत बोलल्या. म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं, आणि वर्षभर त्या माझा पेढा आणि माझी घागर घेत होत्या. मला त्या क्षणी आईचं वाक्य आठवलं. मी पाळी मोडली होती.

आता गणित. हे मी तेव्हा नववीच्या वर्गात फळ्यावर मांडलं होतं. उसाला पाटानं पाणी दिलं तर पीक निघेपर्यंत शेतात साधारण दोन मीटर उंचीइतकं पाणी लागतं. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. गुणाकार केला की ऐंशी लाख लिटर होतात. त्यातला पावसाचा वाटा वजा करा, तरी एका एकराला पन्नास लाख लिटर तरी विहिरीतून, बोअरमधून नाहीतर कालव्यातून द्यावे लागतात. मुलांना म्हटलं, आता सांगा, पाण्याची पहिली गाडी किती उसाला पुरली असती? मुलांनी भागाकार केला. उत्तर आलं चार गुंठे. पन्नास डब्यांची गाडी? वीस गुंठे. आणि साऱ्या उन्हाळ्यात आलेलं सगळं पाणी, ज्यासाठी अख्ख्या देशानं लातूरकडे बघितलं? पन्नास एकर. आपल्याकडे एखाद्या मोठ्या भावकीचाच तेवढा ऊस असतो.

वर्ग शांत झाला. मला वाटलं, आज छान शिकवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरचा ऊस होता. तो म्हणाला, "मग बाई, आम्ही काय पेरावं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि नसण्याचं कारण असं, की माझ्या सासरीही मांजरेच्या खोऱ्यात चार एकर ऊस होता. माझ्या घराच्या स्लॅबमध्ये त्याचे पैसे आहेत. ऊस शेतकऱ्याला का आवडतो, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. सोयाबीन लातूरच्या आडतीत नेलं की भाव काय लागेल ते देवाला ठाऊक. उसाला किमान दर ठरलेला असतो. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, हरभरा-ज्वारी झोपली, द्राक्षांचा चिखल झाला. ऊस मोडला-वाकला तरी काही ना काही पैसे देतो. आणि कारखाना जवळ असतो. त्या पोराला 'ऊस लावू नका' एवढंच सांगणं म्हणजे मी फवाऱ्याखाली आंघोळ करून त्याला घागर जपून वापरायला सांगण्यासारखं होतं.

म्हणून मी आधी आमच्या घरी बोलले. सासरे तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "सूनबाई, शाळेतलं गणित शेतात चालत नसतं." धाकटे दीर मात्र ऐकत होते, कारण वाळलेला ऊस त्यांनीच डोळ्यांनी बघितला होता. खूप वादावादी झाली, एका वेळ अमावस्येला तर शेतात भज्जी-आंबील तशीच ठेवून दोघं उठून गेले. शेवटी २०१७ मध्ये चारपैकी दोन एकर ऊस मोडला, तिथं सोयाबीनमध्ये तूर आली. उरलेल्या दोन एकर उसाला ठिबक केलं. ठिबकमुळे पाटाच्या तुलनेत पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाचू शकतं. आमच्याकडे तितकं वाचलं की नाही, ते आम्ही मोजलं नाही. मोटार चालवायचे तास निम्म्यावर आले, एवढं दीर सांगतात.

आणि आता खरं सांगते. त्याच २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं. लोक रात्री बॅटऱ्या घेऊन पाणी बघायला गेले, मीही गेले. पुढच्याच हंगामात चारी बाजूंनी ऊस परत आला. आमच्या दोन एकरांवरही दर वर्षी चर्चा होते. ज्या वर्षी सोयाबीनचा भाव पडतो त्या वर्षी मी गप्प बसते. हे प्रकरण जिंकले असं मी म्हणत नाही. दरवर्षी नव्यानं मांडावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग घरातल्या नळांचं काय महत्त्व? पन्नास लाख लिटरपुढे बादलीभर पाणी म्हणजे काय? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याची दोन उत्तरं मला सापडली.

पहिलं असं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन शहर आपल्यासारखंच कोरडं पडायला आलं होतं. नळ बंद करायचा दिवससुद्धा तिथं जाहीर झाला होता. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा घातली. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर धरतात, त्यावरून अंदाज घ्या. तिथल्या लोकांनी पाळी पाळली. शहराचा वापर काही वर्षांत निम्म्याखाली आला. पण त्याचबरोबर शेतीचा कोटाही कापला गेला, आणि एका खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणांतलं पाणी शहरासाठी सोडलं. तो दिवस टळला. घर आणि शेत, दोघांनी पाळी पाळली. शहरानं जपून वापरलं नसतं तर शेतकऱ्याला सोडा म्हणायचं तोंड शहराला राहिलं नसतं. माझ्या सासऱ्यांशी बोलायचं बळ मला फवारा काढून टाकल्यावरच आलं.

दुसरं उत्तर वस्तूंचं आहे. पाणी फक्त नळातून येत नाही. एक सुती सदरा तयार होईपर्यंत कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. नांदेडचा कापूस आपण लहानपणापासून बघितला, त्यामुळे हे पाणी कुठल्या विहिरीतलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एक किलो साखरेमागे, आत्ताचाच हिशोब पुढं नेला तर, हजार लिटरच्या वर जातं. म्हणजे माझ्या आईनं जेव्हा विजारीचं दप्तर केलं, तेव्हा तिनं नुसते पाच-दहा रुपये वाचवले नव्हते. एक नवं कापड विणायचं वाचवलं होतं. चौघांनी एक पुस्तक वापरलं तेव्हा तीन पुस्तकांचा कागद वाचला होता. आपण सगळेच, अगदी 'हाफ पँट' म्हणणारेसुद्धा, तेव्हा पर्यावरणाचं काम करत होतो. आपल्याला ते गरिबी वाटत होतं.

इथं एक सांभाळायला हवं. काटकसर ही गरिबाला सांगायची गोष्ट नाही. जिला दोन किलोमीटरवरून हंडा आणावा लागतो, तिला पाणी जपायला शिकवणं हा तिचा अपमान आहे. ती शिकवेल, आपण शिकायचं. काटकसर त्यानं करायची असते ज्याच्याकडे आहे. नसताना कमी वापरणं ही मजबुरी, असताना कमी वापरणं ही काटकसर. "मी कुठं म्हणलं गरीब हाव म्हणून?" या आईच्या उत्तराचा अर्थ हा होता.

मी आता काय करते, ते थोडक्यात सांगते, कारण जेवणाची वेळ होत आलीय. पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र घरात आहे. ते एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, ते बादलीत धरते आणि फरशीला, भांड्यांना वापरते. आंघोळ एका बादलीत, संडासात टाकीऐवजी तांब्या-बादली. नवी साडी घेण्याआधी कपाटातली एक नेसून झाली पाहिजे, असा नियम केलाय. तो तीनदा मोडला, त्यातली एक साडी आज अंगावर आहे. आणि काकूंच्या व आमच्या घराच्या मधल्या भिंतीपाशी आम्ही शोषखड्डा केला. दोन्ही गच्च्यांचं पाणी तिथं उतरतं, गाळून खाली मुरतं. खर्च आम्ही केला. काकू म्हणत होत्या निम्मे पैसे देते. मी घेतले नाहीत, पण या वेळी उपकार म्हणून नाही. देणं होतं ते. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जुन्या बोअरला उन्हाळा लागेपर्यंत पाणी असतं. खड्ड्यामुळे, की पाऊस बरा झाला म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता नांदेडकरांनो, तुमच्याकडे वळते. तुम्ही मला नेहमी म्हणता, "तुमच्या लातूरला पाणी नाही बाई, आमच्याकडे गोदावरी आहे." मीही इथलीच, गोवर्धन घाटावर पाय बुडवून मोठी झाले. पण ही गोदावरी नाशिकहून येते, पैठणला नाथसागरात थांबते, मग विष्णुपुरीला येते. वरच्यांची पाळी झाली की आपली. आणि आपल्याखाली तेलंगणाची. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय तारखा घालून काय सांगतंय? पाणी पाळीचं असतं. माझी आई हे रस्त्याच्या कामावर शिकली होती. आणि लातूरची मांजरा शेवटी कुठं जाते? धर्माबादच्या पलीकडे कंदकुर्तीला ती गोदावरीलाच मिळते. तुमचं आणि माझं पाणी एकच आहे, फक्त वेगवेगळ्या गावांहून येतं. तुमच्या-माझ्यासारखंच.

शेवटचा मुद्दा, आणि तो जरा वादाचा आहे. संयोजन समितीनं आपल्या तुकडीच्या वर्गणीतून शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलंय. वर आपली सगळ्यांची नावं येणार आहेत. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या मनातला जिव्हाळा मला कळतो, माझीही वर्गणी त्यात आहे. पण काल संध्याकाळी मी शाळेत चक्कर मारली. मधल्या सुट्टीत जिथं आपण ओंजळीनं पाणी प्यायचो, तो हातपंप दांडा नसलेला उभा आहे. शिपाईमामा म्हणाले, उन्हाळ्यात टँकर येतो. मुलं घरून बाटल्या आणतात, ज्यांच्याकडे बाटली नसते ती दुसऱ्याची मागतात.

मी गच्चीवर गेले आणि पावलांनी मोजलं. मुख्य इमारतीची गच्ची साधारण पाचशे चौरस मीटर भरते. पाऊस आठशे मिलिमीटर धरा, त्याहून कमी झालेली वर्षंही असतात. गुणाकार करा. चार लाख लिटर. पाचवा हिस्सा उडाला, सांडला असं धरा, तरी तीन लाख वीस हजार. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीच्या निम्म्याहून जास्त पाणी दर पावसाळ्यात आपल्या शाळेच्या गच्चीवर पडतं आणि गटारात जातं. ते थोडं टाकीत साठवता येईल, उरलेलं गाळून हातपंपाभोवती मुरवता येईल. कमानीपेक्षा खर्च कमीच येईल, असं इथल्याच एका स्थापत्य अभियंता मित्रानं मला सांगितलंय. तो आता मान खाली घालून बसलाय, कारण कमानीचा नकाशाही त्यानंच काढलाय.

मी समितीचा निर्णय मोडा म्हणत नाही. जेवणानंतर अर्धा तास त्यावर बोलू या, एवढी विनंती करते. कमान झाली तर मी तिच्याखालून आनंदानं जाईन. पण नावंच लिहायची असतील तर माझ्या भूगोलाच्या पुस्तकासारखी लिहू या, पहिल्या पानावर एकाखाली एक, आणि खाली जागा सोडून. पुढच्या तुकडीला लिहायला.

आई २०२१ ला गेली. तिच्या पेटीत एक खाकी कापडाची घडी मिळाली. माझ्या दप्तराचा खिसा. बाकीचं सगळं झिजून गेलं होतं, खिसा तेवढा धड होता, म्हणून तिनं तो कापून ठेवला होता. कधीतरी कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून. आज त्यात या भाषणाचे कागद घडी करून आणले. उपयोगी पडला.

सर्व गुरुजनांना नमस्कार. तुम्ही माझं ऐकून घेतलंत, आता दुसऱ्यांची पाळी.